छंदाची सचोटी

गेल्या उपवासकाळात एका रविवारी आम्ही आत्मपरीक्षणावर प्रवचन केले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले आणि तेलाचे डाग पडलेली एक शाळकरी वही त्यांनी आमच्या हाती ठेवली. "फादर, तुम्ही रोजच्या रोज हिशेब लिहायला सांगितलं. माझ्याकडं पण एक वही आहे. वेळ मिळाला तर बघा." आम्हाला वाटले, प्रार्थना असतील, किंवा घरगुती जमाखर्च असेल. रात्री वही उघडली, तर तीत पुढीलप्रमाणे नोंदी होत्या. 'सोम. सिलिंडरचे तोंड घेतले. तीन थाऊ जास्त गेले. फेकला.' 'मंगळ. लाईट नाही.' 'बुध. धुराड्याची रिंग. ठीक.' 'गुरु. काही नाही. दळण आणले.' 'शनि. दोन आटे पाडले. दुसऱ्यात टॅप तुटला.'

या गृहस्थांना आमच्या धर्मग्रामात सगळे काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. मूळचे नगर जिल्ह्यातले, उमेदीची छत्तीस वर्षे मुंबईच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून काढलेली, आणि निवृत्तीनंतर नवीन पनवेलमध्ये सिडकोच्या एका बैठ्या घरात स्थायिक झालेले. घराच्या मागे पत्रा टाकून त्यांनी एक खोपट उभारले आहे. त्यात भंगार बाजारातून आणलेली साडेतीन फुटी लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक व्हाइस आणि भिंतीला ओळीने टांगलेल्या कानशी आहेत. पनवेलच्या पावसाळ्यात उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते, म्हणून रोज काम संपल्यावर ते प्रत्येक हत्यारावर तेलाचे फडके फिरवतात. गेली अकरा वर्षे ते तेथे वाफेचे एक इंजिन घडवीत आहेत.

हे इंजिन म्हणजे माथेरानच्या जुन्या इंजिनाची एक पंचमांश प्रतिकृती आहे. नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी पीरभॉय कुटुंबाने 1907 साली सुरू केली. तिची मूळची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने बांधली होती. 1980च्या दशकात त्यांची जागा डिझेलने घेतली. काका तरुणपणी त्या वाफेच्या गाडीने एकदा माथेरानला गेले होते. पाच इंच रुंदीच्या रुळावर, खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेने चालणारे आणि मागच्या ट्रॉलीवर चारपाच मुलांना बसवून ओढून नेणारे इंजिन त्यांना करावयाचे आहे. ते विकावयाचे नाही. त्याचा काही उपयोगही नाही.

येथेच आमच्यासारख्या माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूची कोणाला गरज नाही, जिची कोणी मागणी केली नाही, तिच्यावर आयुष्याची अकरा वर्षे खर्च करणे नीतीच्या दृष्टीने योग्य आहे काय? काकांच्या सूनबाईंनी हा प्रश्न आमच्यासमोर अधिक रोखठोक भाषेत मांडला होता. स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळतो आहे, आणि सासरे पितळेचा अंगठ्याएवढा नळ घासत बसले आहेत! आम्ही तेव्हा हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शुभवर्तमानात बेथानीच्या घरी मौल्यवान सुगंधी तेल ओतले गेले, तेव्हा हे पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा आक्षेप निघाला होता. आक्षेप घेणाऱ्याचा हेतू वाईट होता, हे योहान आपल्याला सांगतो. पण हेतू वाईट असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. पत्राचाळीत राहणाऱ्या कुटुंबांच्या शाळेच्या फीसाठी आम्ही दारोदार फिरत असताना, तांब्याच्या नळीसाठी कोणी हजारो रुपये मोजतो, हे पाहून आम्हालाही टोचले आहे. ते कबूल केलेले बरे.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्विनास शिकवीत. त्यांच्या ग्रंथात खेळाविषयी एक प्रकरण आहे, त्याकडे तरुणपणी आमचे लक्ष गेले नव्हते. ते म्हणतात की, श्रमलेल्या शरीराला जशी झोप, तशी श्रमलेल्या मनाला क्रीडा आवश्यक आहे. खेळाचा अतिरेक हा दोष, आणि ज्याच्या आयुष्यात खेळ मुळीच नाही त्याचाही तो दोषच. या प्रसंगी ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा पुन्हा सोडावयास सांगितले, आणि विचारले, असे अखंड करशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल.

हे सर्व खरे आहे. पण काकांचे खोपट पाहिल्यावर आमचे समाधान या उत्तराने होत नाही. मनोरंजन म्हणावे, तर तेथे रंजन फारसे दिसत नाही. तेथे चुका आहेत, तुटलेले टॅप आहेत, फेकलेले सिलिंडर आहेत. दमलेला माणूस विसाव्यासाठी असे काम का निवडील?

असे काम निवडणारे लोक मात्र सर्वत्र आणि सर्व काळी झाले आहेत. मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणी घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतः एक लहानसे वाफेचे इंजिन बनवले होते आणि 1834 साली आपला माझगावचा बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला होता. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला अजून एकोणीस वर्षे होती. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. विलायतेत तर घरच्या घरी यंत्रे करणाऱ्या अशा हौशी लोकांसाठी पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 साली 'मॉडेल एंजिनिअर' हे नियतकालिकच सुरू केले. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. सुट्टीत मुलांना घेऊन जाण्यासारखे ते ठिकाण आहे. तेथील गाड्या विजेवर धावतात. काकांचा हट्ट वाफेचा आहे, आणि वाफ हे प्रकरण वेगळे.

वेगळे अशासाठी की, वाफ लहान करता येत नाही. काकांनी एकदा खडूने जमिनीवर आकृती काढून आम्हाला हे समजावून दिले. इंजिनाची लांबी पाचपट घटवली की त्याचा पृष्ठभाग पंचवीसपट घटतो, आणि आतल्या पाण्याचे आकारमान सव्वाशेपट घटते. म्हणजे पाणी राहते थोडे, आणि उष्णता घालवणारी कातडी त्या मानाने पाचपट जास्त. म्हणून खऱ्या बॉयलरचा आराखडा जसाच्या तसा लहान केला तर इंजिन चालत नाही. आतल्या नळ्या संख्येने कमी आणि त्या मानाने जाड घ्याव्या लागतात. बाहेरून हुबेहूब दिसणारी वस्तू आतून तिच्या स्वतःच्या नियमाने बांधावी लागते. "दिसण्यापुरतं करायचं तर लाकडाचं केलं असतं, फादर," ते म्हणाले.

त्यांची मापाची भाषा आम्हाला हळूहळू समजू लागली. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिगारेटचा पातळ कागद साधारण एवढ्या जाडीचा असतो, आणि जुने टर्नर हत्यार जॉबला कोठे टेकते ते त्या कागदानेच पाहतात. नुकतेच कातलेले पितळ गरम असते आणि गरम असताना ते मापाला मोठे भरते. दोन इंच व्यासाचा तुकडा नेहमीपेक्षा वीस अंशांनी तापला तर पाऊण थाऊचा फरक पडतो. तेव्हा माप घेऊन समाधानाने आणखी एक काप घेतला, की थंड झाल्यावर जॉब लहान झालेला सापडतो. वहीत एका पानावर फक्त 'गरम मोजले' असे लिहून त्याखाली रेघ मारली आहे. आमच्या व्यवसायातही असे प्रसंग येतात. त्यांची वही मात्र आम्ही ठेवलेली नाही.

हेन्री मॉड्स्ले या इंग्रज यंत्रकाराने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या कारखान्यात एक सूक्ष्ममापक ठेवला होता, आणि त्याचे नाव ठेवले होते 'लॉर्ड चान्सलर'. कारण त्याने दिलेल्या निवाड्यावर पुढे अपील नव्हते. आम्हाला वाटते, काकांच्या श्रमांचे रहस्य काही अंशी येथे आहे. संसारात, कचेरीत, आणि खोटे कशाला बोला, धर्मगुरूंच्या निवासातही, चुकीचे समर्थन करण्यास नेहमी जागा असते. हवा वाईट होती, समोरच्याने नीट ऐकले नाही, वरिष्ठांनी वेळेवर कळवले नाही. तीन थाऊ जास्त गेले, तेथे कोणाला दोष देणार? छत्तीस वर्षे मुकादमाच्या आणि घड्याळाच्या धाकात काढलेल्या माणसाला म्हातारपणी अशी एक जागा हवीशी वाटली, जेथे धाक कोणाचाच नाही आणि तरीही मनाला येईल तसे चालत नाही. त्याला कोणी करमणूक म्हणो. आम्ही तो शब्द वापरण्यास कचरतो.

याचा अर्थ सर्वत्र काटेकोरपणा, असाही नाही. आम्ही एकदा मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "काका, तुमचं सगळं अगदी घट्ट बसत असेल!" ते हसले. घट्ट बसलेला आस फिरत नाही. त्याला एकदोन थाऊंची मोकळीक ठेवावी लागते. माथेरानच्या मूळ इंजिनाच्या पुढच्यामागच्या आसांना तर मुद्दाम आडवे सरकण्याची सोय होती. ती नसती तर घाटाच्या त्या अवघड वळणांवर चाके अडली असती. मोकळीक कोठे ठेवायची आणि कोठे नाही, एवढेच शिकायला आयुष्य जाते, असे त्यांचे म्हणणे. आणि जी बाजू कशालाच टेकत नाही ती घासून चकचकीत करणे त्यांना आवडत नाही. तो वेळेचा नास आणि शिवाय मिरवणे, असे ते म्हणतात.

आता आमच्या चुकीविषयी लिहिले पाहिजे, कारण हा लेख त्यासाठीच लिहावयास घेतला.

गेल्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामाचा सण होता. चर्चच्या आवारात मुलांसाठी काकांचे इंजिन चालवावे, ही कल्पना आमची. आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, बघतो. त्या 'बघतो'चा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला आणि पुढच्याच रविवारी वेदीवरून तारीख जाहीर केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आवारात तीस मीटर रूळ मांडायला तरुणांनी लाकडी पट्ट्या कापल्या. मधल्या तीन आठवड्यांत काका भेटले की आमचा एकच प्रश्न असे : किती झाले?

सणाच्या दोन दिवस आधी आम्ही खोपटात गेलो, तेव्हा बॉयलरची परीक्षा चालली होती. ही परीक्षा वाफेने करीत नाहीत, पाण्याने करतात. बॉयलर पाण्याने पूर्ण भरून हातपंपाने दाब चढवतात; पाणी दाबले तरी स्प्रिंगसारखे उसळत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसता थेंब येतो किंवा फार तर चिळकांडी उडते. वाफेवर तोच सांधा सुटला तर जवळ उभा असलेला माणूस भाजून निघतो. काकांचे इंजिन दर चौरस इंचाला ऐंशी पौंड दाबावर चालायचे होते, म्हणून नव्या बॉयलरला त्याच्या दुप्पट, एकशे साठ पौंडांची परीक्षा. काटा एकशे साठवर नेला आणि आम्ही दोघे बसून राहिलो. वीस मिनिटांत काटा दीडशेवर आला. भट्टीच्या बाजूला, जेथे तांब्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवणारे दांडे चांदीच्या डाखाने बसवलेले असतात, तेथे एका दांड्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब होता.

"चालवणार किती दाबावर?" आम्ही विचारले.

"ऐंशी."

"ऐंशीला गळतंय का?"

"नाही, फादर."

"मग पोरांना चार फेऱ्या मारायला काय हरकत आहे?"

काकांनी फडक्याने तो थेंब टिपला. तो पुन्हा आला. "मागच्या ट्रॉलीवर कोण बसणार, फादर?" एवढेच ते म्हणाले आणि पंपाची कळ सैल केली.

अक्विनासच्या ग्रंथात आणखी एक भेद आहे, तो आम्ही वर्गात शिकवलाही आहे. कारागिरीत जो जाणूनबुजून चुकतो तो न कळत चुकणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याचे कसब तरी शाबूत असते. आचरणात मात्र उलट, तेथे जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी. म्हणून कसब वेगळे आणि सद्‍गुण वेगळा. उत्तम टर्नर वाईट माणूस असू शकतो, हे कोण नाकारील? पण त्या संध्याकाळी खोपटात हा भेद आमच्या डोळ्यांसमोर उलटापालटा झाला. दांड्याला गळती होती हा कारागिरीचा दोष, आणि तो न कळत झालेला. ती गळती ठाऊक असताना मुलांना मागे बसवणे हा मात्र आचरणाचा दोष झाला असता, आणि तो करा, असे सांगणारे नीतिशास्त्राचे शिक्षक आम्ही होतो. ज्यांनी हे पुस्तक कधी पाहिले नाही ते मान हलवून नको म्हणत होते.

सणाच्या दिवशी मुले रुळांशी रांग लावून उभी राहिली. आम्ही ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणालो की, काकांचे काम वेळेत पुरे झाले नाही. एवढे एकच वाक्य. शब्दशः ते खरे होते. कोणीतरी मागून म्हणाले, अकरा वर्षांत नाही तर आता काय होणार, आणि लोक हसले. काका तिसऱ्या रांगेत पत्नीशेजारी बसले होते. आम्ही त्या बाजूला पाहिले नाही.

नंतर ती वही आमच्या हाती आली. मधली काही पाने वाचून आम्ही डिसेंबरावर आलो. सणाच्या तारखेची नोंद अशी : 'रवि. सण. इंजिन नेले नाही. पोरे हिरमुसली. दांडा क्र. 7, डाख आतपर्यंत पोचला नव्हता. घाई केली. चूक माझी.' आम्ही पाने मागे चाळली. सणाच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी फक्त एक ओळ होती : 'फादरनी तारीख सांगितली.' त्याखाली सोमवारची : 'सात दांडे एकदम झाळले.' त्याआधीच्या महिन्यांत त्यांनी कधी एका दिवसात दोनांहून अधिक दांडे झाळलेले नव्हते. प्रत्येक दांड्यानंतर ते बॉयलर थंड होऊ देत, आम्लाच्या पाण्यात धुऊन सांधा भिंगाने पाहत.

त्या वहीत आमच्यावर ठपका ठेवणारा एकही शब्द नाही. ती आम्हाला देताना त्यांच्या मनात ही पाने होती की नव्हती, हे आम्ही विचारलेले नाही. बहुधा नव्हती. सूनबाईंच्या प्रश्नाकडे मात्र आम्ही त्या रात्री वेगळ्या नजरेने पाहिले. दोन वर्षांपूर्वी काकांच्या पत्नीला रुग्णालयात ठेवले होते; त्या पाच आठवड्यांच्या पानांवर रोज एकच नोंद आहे : 'दवाखाना. मशीन पुसले.' गंज चढू नये म्हणून रात्री दहा मिनिटे, आणि बाकीचा दिवस तिच्या उशाशी. छंद हा कित्येक घरांत लपण्याची जागा होतो, आम्ही तशी घरे पाहिली आहेत आणि तेथल्या बायकांचे अश्रूही पाहिले आहेत. हे घर त्यांतले नव्हे, एवढे त्या पाच आठवड्यांवरून आम्हाला समजले. स्वयंपाकघरातला नळ मात्र काकांनी खरोखरच दुरुस्त केलेला नव्हता. आम्ही आठवण केली, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या दिवशी केला. त्याचीही नोंद आहे.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर, त्याच ध्वनिक्षेपकावरून, आम्ही लोकांना खरी हकीकत सांगितली. काकांना ते आवडले नाही. "एवढं कशाला, फादर," असे म्हणून ते लवकर घरी गेले. क्षमा मागणे हेसुद्धा आम्ही आमच्या सोयीने, आमच्या तारखेला केले, असे आता वाटते.

बॉयलर अजून पुरा झालेला नाही. सातवा दांडा काढून नवा बसवला. तो तापवताना शेजारचा सैल झाला, म्हणून तोही काढला. किती झाले, असे आम्ही विचारीत नाही. शनिवारी संध्याकाळी सवड मिळाली तर खोपटात जाऊन बसतो. काकांनी आम्हाला दोन इंची लोखंडी ठोकळा आणि एक कानस दिली आहे. आयटीआयच्या मुलांना पहिल्या महिन्यात जे करावे लागते तेच काम : सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात घासायच्या. ऐकताना सोपे वाटते. कानस पुढे नेताना हात नकळत खाली-वर होतो आणि मध्यभागी पोट येते. पोट घालवायला जावे तर कडा उतरतात. चार महिने झाले, ठोकळा पावणेदोन इंचांवर आला आहे. परवा काकांनी त्यावर गुण्या ठेवून तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. एका कोपऱ्यात फटीतून केसाएवढा उजेड येत होता. त्यांनी काही न बोलता ठोकळा परत दिला आणि आपल्या लेथकडे वळले.